आईचं बाजूला काढा

आमच्या लॅबमध्ये मला कात्री म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं मला सगळं ऐकू येतं, कान अजून शाबूत आहेत. हे नाव दोन कारणांनी पडलं. पूर्वी गुणसूत्रांचे फोटो हातानं कापून कार्डावर चिकटवावे लागायचे, आणि माझ्याइतकं बारीक कुणाला कापता यायचं नाही. दुसरं कारण माझी जीभ. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

काम काय असतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात. तेवीस आईची, तेवीस बापाची. एरवी बघायला गेलात तर काही दिसत नाही, लोकरीचा गुंता नुसता. पण पेशीला एकाचं दोन व्हायचं असतं तेव्हा ती आधी सगळ्याची दुसरी प्रत काढते. मग सगळं घट्ट गुंडाळून मधोमध ओळीनं मांडते, आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटून देते. जखम भरते ती अशीच, नखं वाढतात ती अशीच, आणि पोटातला एक ठिपका नऊ महिन्यांत रडणारं पोर होतो तोही असाच. वाटणीत एक जरी इकडचं तिकडे झालं तरी पुढच्या सगळ्या प्रती चुकीच्या निघतात. ती मांडामांड चालू असते तेवढाच वेळ गुणसूत्रं एकेक सुटी दिसतात. म्हणून आम्ही पेशी बाटलीत गुलाबी पाण्यात वाढवतो आणि ऐन वाटणीच्या वेळी औषध घालून त्यांना थांबवतो. मग फुगवायचं, स्लाइडवर उंचावरून थेंब सोडायचा, रंगवायचं आणि मोजायचं. पोटातलं मूल का गेलं, ह्याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

आता ह्यात एक मेख आहे. गेलेल्या बाळाचा नमुना येतो तेव्हा त्याला आईचाही भाग चिकटलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरून, दोन बारीक सुयांनी तो वेचून वेगळा करावा लागतो. तसाच ठेवला तर बाटलीत आईच्या पेशी भराभर वाढतात, बाळाच्या मागे पडतात, आणि आपण आईचीच गुणसूत्रं मोजून बाळाची म्हणून लिहून मोकळे होतो. बाळ मुलगा असेल आणि मोजताना बाईची गुणसूत्रं आली, तरी ते कळायला मार्ग नाही. कागदावर येतं ते एवढंच: सेहेचाळीस, मुलगी, दोष नाही. म्हणून ‘आईचं बाजूला काढा’ हे वाक्य मी बत्तीस वर्षांत इतक्या वेळा ओरडलेय की जिन्यावरचा पहारेकरीसुद्धा मला बघून ते म्हणून दाखवतो. मेला.

एकवीस वर्षांपूर्वी माझाच नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. चौथा महिना नुकता लागला होता. मी सदतिसाची होते, लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. गेलं ते गेलं. मी घरी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा इथे बाटलीत पेशी वाढत होत्या. कामावर परत आले त्या दिवशी आमच्या मोठ्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि कार्ड हातात दिलं.

“मुलगी होती,” त्या म्हणाल्या. “काही दोष नाही. सगळं व्यवस्थित आहे.”

काही दोष नाही, हे ऐकून लोकांना बरं वाटतं. मला नाही वाटलं. पोरीत दोष नव्हता, तर दोष माझ्यात. चांगली धडधाकट मुलगी माझ्या अंगानं टाकून दिली. हे मी एकवीस वर्षं कुणाला बोलले नाही, पण एक दिवस विसरले नाही.

मॅडम घरी गेल्यावर मी पोरीची स्लाइड काढून बघितली. मला बघायचीच होती. आणि बघते तर काय, नऊ नंबरच्या जोडीतलं एक गुणसूत्र माझं! आम्ही सगळ्यांनी शिकताना स्वतःचं रक्त तपासलेलं असतं, त्यामुळे मला माझं नऊ चांगलं ठाऊक होतं. त्याची कंबर जागेवर नाही, पट्टा खाली घसरल्यासारखा दिसतो. काही लोकांत असतं तसं, त्यानं बिघडत काही नाही. शिकताना त्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते म्हणून सगळ्यांनी हसून घेतलं होतं. तेच घसरलेल्या पट्ट्याचं नऊ तिच्या पेशीत होतं. मी भिंगावरून डोळा काढला, पुसला, परत लावला. आईवर गेली गं माझी बाई, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

लोक बाळाचं नाक बघतात, हनुवटी बघतात. मला तेवढंच बघायला मिळालं, आणि तेवढ्यावर मी संसार केला म्हणा ना. ती माझ्या डोक्यात वाढली. गोडबिड अजिबात नव्हती. हट्टी होती, उलट बोलायची, मी एक बोलले की दोन ऐकवायची. संध्याकाळी भाजी निवडताना मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडायचे. मला कुणीतरी माझ्यासारखं भांडायला हवं होतं हो. आमचे हे भांडतच नाहीत.

ह्यांचं सांगायचं राहिलंच. हे चपला-बुटांच्या दुकानात काम करतात, मापं घ्यायला. माणूस आत आला की चेहऱ्याआधी पाय बघतात. त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, मुलगी होती आणि माझं नऊ तिनं घेतलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि माझं काय घेतलं?”

“बघते,” मी म्हणाले.

पुढे दिवस राहिलेच नाहीत. पण तिची जन्माची म्हणून जी तारीख काढली होती, त्या तारखेला दर वर्षी हे चहा पिता पिता एक आकडा सांगायचे. तिचा बुटाचा नंबर. पहिल्या वर्षी चार. मग सहा, मग आठ. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. सातव्या वर्षी हे म्हणाले, “तेरा झाले. आता पुन्हा एकपासून.” त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही नीट. चौदाव्या वर्षी पाच झाला, आणि नंतर पाचच राहिला. मुलींचे पाय तेवढ्यावर थांबतात, असं हे म्हणाले. आकडा सांगून झाला की कधीकधी हळूच विचारायचे, “सगळं तुझंच का गं? माझं काहीच नाही?” चेष्टेत विचारायचे. मी बघते म्हणायचे आणि बघायचं टाळायचे. ती स्लाइड परत डोळ्याला लावायचा धीर होत नव्हता. नंतर जुन्या पेट्या तळघरात गेल्या आणि मला कारण मिळालं.

गेल्या आठवड्यात फर्मान निघालं: लॅब नव्या इमारतीत जाणार, वीस वर्षांपेक्षा जुन्या स्लाइडी मोडीत काढा. पेट्या वर आल्या. यादी करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण ती अक्षरं वाचू शकणारी आता मीच उरलेय. तिच्या तारखेला दोन दिवस होते. माझ्या मनात आलं, ह्या वर्षी ह्यांना उत्तर द्यायचं. एक तरी खूण शोधायची आणि घरी जाऊन सांगायचं, हे घ्या, हे तुमचं घेतलंय तिनं. आता नाही बघितलं तर परवा सगळं काचेच्या कचऱ्यात जाणार.

मी तीन स्लाइडी काढल्या. तिची, माझी आणि ह्यांची. त्या वेळी आम्हा दोघांचं रक्तही तपासलं होतं, त्यामुळे ह्यांचीही होती. तिन्हींवरचं, भिंगासाठी घातलेलं जुनं तेल पुसलं. रंग फिकट झाला होता, पण दिसत होतं.

ह्यांची आधी लावली. शोधायला वेळ लागला नाही. पंधरा नंबरच्या जोडीत दोन्ही गुणसूत्रांच्या डोक्यावर मोठी ठसठशीत टिकली. एकावर असते पुष्कळांच्या, पण ह्यांच्या दोन्हींवर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाप जोडीतलं एकच देतो. पण दोन्हींवर टिकली आहे म्हटल्यावर कुठलंही दिलं तरी टिकली आलीच पाहिजे. म्हणजे तिच्या पंधरावर ह्यांची टिकली असणार, अगदी शंभर टक्के. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की फोटो काढायचा, मोठा करायचा आणि चहाच्या कपाखाली ठेवायचा.

मग तिची स्लाइड लावली. पंधरा शोधलं. टिकली नव्हती.

रंग उडाला असेल, मी म्हटलं. दुसरी पेशी घेतली. नव्हती. तिसरी घेतली, दहावी घेतली. पंचवीस पेशी बघितल्या. एकीतही नाही. माझ्या डोक्यातल्या कात्रीला कळलं होतं, पण मला कळून घ्यायचं नव्हतं. मी माझी स्लाइड लावली. माझी पंधराची जोडी बिनटिकलीची. तिची तशीच. माझं नऊ घसरलेल्या पट्ट्याचं. तिचं तसंच. एकवीस नंबर, बावीस नंबर, जे जे ओळखता येत होतं ते सगळं पाहिलं. दोन्ही स्लाइडींवर एकच बाई होती, आणि ती मी होते.

ती आईवर गेली नव्हती. ती आईच होती. दहा दिवस बाटलीत माझ्याच पेशी वाढत होत्या. त्या बिचाऱ्यांना काय माहीत की पुढे पोर नाही, अंग नाही, काही नाही. वाढायचं तेवढं ठाऊक, म्हणून गुलाबी पाण्यात एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिल्या. आणि मी त्यांना मुलगी म्हटलं.

मी जुनी वही काढली. नमुना कुणी साफ केला त्याच्या रकान्यात सही होती थेंबूची.

थेंबू माझी मैत्रीण. लॅबमध्ये माझ्यानंतर सहा महिन्यांनी लागली. स्लाइडवर थेंब सोडावा तर तिनंच, एक गुणसूत्र दुसऱ्यावर चढत नाही, म्हणून थेंबू. आता तीही आजी झालीय, गुडघ्याला पट्टा बांधून येते. मी वही घेऊन तिच्या टेबलावर आपटली.

“हा नमुना तू साफ केलास?”

तिनं तारीख बघितली आणि चष्मा काढून ठेवला. विचारलंसुद्धा नाही कुठला ते.

“नाही केला,” ती म्हणाली.

“सही आहे तुझी!”

“सही केली. सुया हातात घेतल्या होत्या गं. बशीत ठेवलं, दिवा लावला, डोळा लावला. आणि मला वाटलं, हिचं पोर आहे, ह्याला मी टोचू? नाही लावता आली सुई. जसं होतं तसं उचललं आणि बाटलीत घातलं.”

माझं डोकंच फिरलं. “बत्तीस वर्षं मी घसा फोडून सांगतेय, आईचं बाजूला काढा, आईचं बाजूला काढा! हजार जणींचं केलंस, माझंच तेवढं ठेवलंस?”

“तुझंच म्हणून ठेवलं.” ती रडत होती. “आणि चार दिवसांनी बघितलं तर इतक्या सुंदर पेशी आल्या होत्या. मला वाटलं, काहीतरी जगतंय तुझं. रोज सकाळी आधी तीच बाटली बघायचे मी.”

“मग सांगायचं होतंस की साफ नव्हतं केलं!”

“मुलगी होती म्हणून सांगायला आलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला होता मी. कुठल्या तोंडानं सांगू?”

मी तिला नाही नाही ते बोलले. सगळी लॅब आपापल्या सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली. मी तिच्या जागी असते तर साफ केलं असतं, हेही बोलले, आणि ते खरं आहे. मी केलं असतं. सुया घेऊन बसले असते, आईचं एका बाजूला आणि बाळाचं एका बाजूला काढलं असतं, आणि उत्तर मिळालं असतं. कदाचित त्या पोरात काही मोठा दोष सापडला असता. मग मला एकवीस वर्षं स्वतःचं अंग चोरासारखं वागवावं लागलं नसतं. पण मग तीही मिळाली नसती, ती उलट बोलणारी, हट्टी, माझी. हे मला थेंबूच्या टेबलापाशी उभं असतानाच कळलं, आणि राग कुठे ठेवायचा तेच कळेना. मी वही उचलली आणि घरी गेले.

हे नेहमीसारखे आधी आलेले होते. चहा झाला होता. दाराजवळच्या स्टुलावर बसून माझ्या जुन्या बुटांना पॉलिश करत होते.

“अहो, जरा ऐका,” मी म्हणाले.

“ऐकतोच आहे.”

मी सगळं सांगितलं. टिकलीपासून सुरुवात केली, नऊचं सांगितलं, थेंबूचं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

“म्हणजे मुलगी नव्हती?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काय होतं ते कधी कळलंच नाही. मुलगी असेल, मुलगा असेल. बाटलीत वाढले ते मी होते.”

“म्हणून माझं काही सापडत नव्हतं.”

“हो.”

“मला वाईट वाटायचं थोडं,” ते म्हणाले. “चेष्टेत विचारायचो, पण वाटायचं.”

मला ते सहन झालं नाही. मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला. “आता परवा तो नंबर सांगायचा नाही हां, सांगून ठेवते! पाचबिच काही नाही. मुलगा असता तर आठ असता, नाहीतर नऊ असता, कुणाला माहीत! ज्याचा पत्ताच नाही त्याचा नंबर कसला सांगता?”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग हातातला बूट उलटा करून त्याचा तळ माझ्यासमोर धरला. झिजला होता, पण आकडा वाचता येत होता. पाच.

“अगं, तो नंबर तुझाच होता,” ते म्हणाले. “माझ्याकडे दुसरं माप कुठलं होतं? तू म्हणालीस आईवर गेलीय. मी तुझ्या आईला जाऊन विचारलं होतं, लहानपणी हिला कितीचे बूट लागायचे. त्यांनी आठवून आठवून सांगितलं. सातव्या वर्षी तेरा, चौदाव्या वर्षी पाच. तेच दर वर्षी सांगत आलो.”

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. आई आणि जावई दोघं मिळून माझे पाय मोजत बसले होते, आणि मला पत्ता नव्हता. मी खाली जमिनीवरच बसले. रडले म्हणण्यापेक्षा ओरडले असं म्हणा, वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी लावून घेतली. मला ती हवी होती. एकवीस वर्षांची, माझं नऊ आणि ह्यांची टिकली घेतलेली, दारात बूट वेडेवाकडे काढून ठेवणारी. ती कधी कुठल्या स्लाइडवर नव्हती, आणि तरी मला तीच हवी होती.

हे उठले. चपलांच्या रॅकखाली त्यांची जुनी माप घ्यायची लाकडी पट्टी असते, दुकानात नवी आली तेव्हा घरी आणलेली. ती काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले.

“पाय ठेव.”

“आता हे काय नवीन?”

“ठेव म्हणतो ना.”

मी ठेवला. त्यांनी टाच मागे टेकवली, सरकती फळी अंगठ्याला लावली आणि वाकून बघितलं. मग चष्मा वर करून परत बघितलं.

“साडेपाच,” ते म्हणाले.

“काहीतरीच. पाच आहे माझा.”

“वय झालं की पाय पसरतो. बघ ना, साडेपाच.” त्यांनी फळीवरचा हात काढला नाही. “वाढलाय. आणि मी सात वर्षं आपला पाचच सांगतोय.”

मी पाय तसाच ठेवला. दारातून शेवटचं ऊन त्या पट्टीवर पडलं होतं आणि ह्यांच्या हाताला काळं पॉलिश लागलेलं होतं.

“दुसऱ्याचंही घ्या,” मी म्हणाले.